अंतर तेवढंच, मग जाताना तास जास्त का?

आत्या मागच्या डिसेंबरात लंडनला गेली होती, नातवाच्या बारशाला. प्रत्येक प्रवासाची नोंद ती एका छोट्या डायरीत ठेवते, अगदी पंढरपूरच्या एसटीपासून. परत आल्यावर तिनं ती डायरी माझ्यापुढे उघडून ठेवली. पानावर चारच ओळी होत्या. मुंबईहून निघालो, दुपारी २.००. लंडनला उतरलो, संध्याकाळी ६.३०. लंडनहून निघालो, रात्री ९.३०. मुंबईला उतरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी १२.००. खाली पेन्सिलीनं वजाबाकी: जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा तास.

"तीनदा करून पाहिली," ती म्हणाली. "वजाबाकी चुकत नाही. पण मी त्या विमानात बसले होते ना? साडेचार तासांत दोनदा जेवायला देतात का कुठं?"

वजाबाकी खरंच चुकलेली नव्हती. आणि हा घोळ तिच्या एकटीचा नाही. मुलं परदेशी असलेल्या कितीतरी घरांत तो होतो. विमानतळावर घ्यायला कधी निघायचं, पुढचं विमान सापडेल का, पोचल्याचा फोन कधी येईल, सगळं या एका आकड्यावर अवलंबून असतं. म्हणून त्या दुपारी तिला जे समजावलं, ते इथं नीट लिहून काढतोय.

पहिली गाठ घड्याळाची. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची छापतात आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. कुठल्याही कंपनीचं तिकीट घ्या, जगभर हाच रिवाज. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. आत्या दुपारी दोनला निघाली तेव्हा लंडनला सकाळचे साडेआठ वाजले होते. तिथून संध्याकाळी साडेसहापर्यंत झाले दहा तास. येताना लंडनचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे तीन. तीन ते दुपारी बारा, नऊ तास. दोन्ही वेळा आधी आपल्या घरच्या घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

(साडेपाचमधला तो अर्धा तास अनेकांना खटकतो. पृथ्वी दर तासाला १५ अंश फिरते आणि भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर धरली आहे. ८२.५ भागिले १५, साडेपाच. मुंबईनं तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ जपली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.)

आत्यानं साडेचार आणि साडेचौदावर काट मारली, शेजारी दहा आणि नऊ लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून म्हणाली, "म्हणजे एक तास तरी खराच जास्त लागला. जाताना अंतर वाढतं का रे?"

पृथ्वीच्या गोळ्यावर एक दोरा

अंतर वाढत नाही. मुंबई ते लंडनचं हीथ्रो, विमानतळ ते विमानतळ, सुमारे ७,२१० किलोमीटर. इंटरनेटवर कुठंही दोन विमानतळांची नावं टाकून अंतर विचारलं की जो आकडा येतो, तो हाच. तो कसा काढतात हे घरातल्या पृथ्वीच्या गोळ्यावर करून पाहता येतं.

साधारण एक फूट व्यासाचा गोळा घ्या. त्याचा घेर ९४ सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोळ्यावरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या जमिनीवरचे सव्वाचारशे किलोमीटर, जवळपास मुंबई ते गोव्याचा दाबोळी विमानतळ एवढा. आता शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. तो मोजला की सतरा सेंटिमीटर भरतो. सतरा गुणिले सव्वाचारशे, सव्वासात हजारांच्या आसपास. इंटरनेटवरचं गणित हेच करतं, फक्त दोऱ्याऐवजी अक्षांश-रेखांश आणि त्रिकोणमिती वापरतं. गोळ्यावरच्या या सगळ्यात जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. कारण सुंदर आहे: एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या घेरावरच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. मुंबई आणि दिल्लीमध्ये पृथ्वीच्या केंद्रापासून पाहिलं तर सव्वादहा अंशांचा कोन होतो. त्याला साठनं गुणा, सुमारे ६१४ सागरी मैल, म्हणजेच १,१३७ किलोमीटर. कोन मिळाला की अंतर मिळालं.

सपाट नकाशाची सवय झालेल्या डोळ्यांना दोऱ्याची वाट वाकडी वाटते. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ मधली, दर्यावर्दी लोकांसाठी केलेली. तीत ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सहारा वाळवंटावरून जाते आणि तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. गोळ्यावरचा दोरा मात्र मुंबईतून वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे निघतो, आइसलँडच्या जवळून वळतो आणि न्यूयॉर्कला उतरतो. लांबी सुमारे १२,५३०. सरळ दिसणारी रेघ जवळपास सतराशे किलोमीटर लांबची आहे. सीटसमोरच्या पडद्यावर विमान "उगाच वर चढून" जाताना दिसतं ना, ते जवळच्या वाटेनं जात असतं.

आता भागाकार. लांब पल्ल्याचं विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. ७,२१० भागिले ९००, आठ तास. आत्याला जाताना दहा लागले आणि येताना नऊ. एका बाजूला दोन तास, दुसऱ्या बाजूला एक तास वर. ते कुठं गेले, हाच खरा विषय.

ठोकळे निघतात तिथून ठोकळे लागतात तिथवर

तिकिटावरचा काळ हा हवेतला काळ नसतो. विमान उभं असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं की वेळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लागले की संपते. या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर तोच असतो. त्यात मागे ढकलणं येतं, इंजिनं सुरू करणं येतं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं येतं, उतरल्यावर जागा रिकामी होईपर्यंत थांबणंही येतं.

मुंबईत हे जास्त जाणवतं. सांताक्रूझच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकीवरूनच काम चालतं. एवढ्या गर्दीच्या शहराचा बहुतेक भार तिच्यावर. संध्याकाळच्या वेळी खिडकीतून पाहिलं तर पुढे पाच-सहा विमानं शेपटीला शेपूट लावून उभी दिसतात. उतरणाऱ्यांचीही तीच गत. कधी कधी त्यांना शहराबाहेर आकाशात लंबगोल घिरट्या घालायला लावतात. कप्तान "थोडा उशीर होईल" एवढंच सांगतो, आणि खालचा तोच डोंगर तिसऱ्यांदा खिडकीत येतो.

शिवाय विमान काही निघाल्यापासून ९०० च्या वेगानं जात नाही. चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि उतरण्याची तयारी मुक्कामाच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधीपासून सुरू होते. दहा हजार फुटांच्या खाली तर साधारणपणे वेग ताशी २५० सागरी मैलांच्या आत ठेवावा लागतो. छोट्या प्रवासात याचा हिस्सा मोठा. मुंबई-दिल्लीचे १,१३७ किलोमीटर हवेत पावणेदोन तासांच्या आत होतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या जवळपासचा आकडा असतो.

त्यात कंपन्या थोडी राखीव वेळ धरतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर मानायची पद्धत आहे आणि वक्तशीरपणाची टक्केवारी छापून येते. मग वेळापत्रक जरा सैल ठेवलेलं बरं, असा तो हिशेब. "आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचत आहोत" ही घोषणा ऐकली की वैमानिकानं वेग वाढवला असं वाटतं. बरेचदा ती राखीव वेळच शिल्लक राहिलेली असते. यात मला काही गैर वाटत नाही. पुढचं विमान पकडणाऱ्याला खोट्या घाईपेक्षा खरी सैल वेळ केव्हाही बरी.

हे सगळं धरून मी एक घरगुती सूत्र वापरतो. किलोमीटरला ८०० नं भागायचं आणि त्यात पाऊण तास मिळवायचा. मुंबई-गोवा, दाबोळीला, ४२५ किलोमीटर: ३२ मिनिटं अधिक ४५, सव्वा तास. मुंबई-नागपूर सुमारे ६८०: दीड तासाच्या थोडं वर. पुणे-दिल्ली सुमारे १,१५५: दोन तास दहा-बारा मिनिटं. मुंबई-कोलकाता सुमारे १,६६५: दोन तास पन्नास. तिकिटाशी ताडून पाहा, पाच-दहा मिनिटांच्या फरकानं जुळतं. मुंबई-लंडनला लावलं तर पावणेदहा तास येतात, जाण्याच्या आणि येण्याच्या मधला आकडा.

नागपूरवरून एक सांगण्यासारखं. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. दोन्ही टोकं थोडी वेगळी धरली तरी रस्ता आणि आकाशातली रेघ एकमेकांच्या इतक्या जवळ क्वचितच येतात.

दोऱ्याच्या वाटेत कोण येतं

आत्यासमोर गोळा होताच. मी दोरा पुन्हा ताणला आणि तिला बोट ठेवून वाचायला लावलं. मुंबईतून निघून अरबी समुद्र, मग पाकिस्तानातलं बलुचिस्तान, मग इराण, मग जॉर्जिया-आर्मेनियाचा डोंगराळ भाग, काळा समुद्र, युक्रेन, पुढे पोलंड-स्लोव्हाकियाची सरहद्द, जर्मनी आणि लंडन. ती युक्रेनवर थांबली. बातम्या ती रोज बघते.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू झालं त्या दिवशी, प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय कंपन्यांसाठी एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या तणावात बंद केलं. त्याच वर्षी १३ जूनला इस्रायल-इराण संघर्षात इराणचं आकाश बंद झालं आणि मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान अर्ध्या वाटेतून मुंबईला परत आलं. दोरा तोच, शहरं तीच, आणि त्या सतरा सेंटिमीटरमधल्या कितीतरी भागावरून जाता येत नाही. मग विमान दक्षिणेकडून, ओमान आणि आखाताच्या बाजूनं वळसा घालतं. प्रत्येक वळशाला इंधन लागतं, आणि जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं.

मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे तिला हा फटका तुलनेनं कमी बसतो. समोर अरबी समुद्र मोकळा आहे. दिल्लीचं तसं नाही. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान दारातच. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर ते आकाश बंद झालं आणि १६ जुलैला उघडलं. त्या काळात दिल्ली-इस्तंबूल हे एरवी थेट जाणारं विमान वाटेत दोह्याला उतरून इंधन भरत असे, कारण लहान विमानाच्या टाकीत वळशापुरतं तेल मावत नव्हतं.

युद्ध नसतानाही वाट दोऱ्यासारखी नसते. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांच्यावर पाच-पाच इंग्रजी अक्षरांची नावं दिलेले बिंदू असतात, आणि वैमानिक एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातो. लष्करी सरावाचे पट्टे टाळावे लागतात. हिमालय आणि तिबेटवरून सहसा जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटच्या पठाराची जमीनच त्याहून वर आहे.

आणि मग वारा

आत्याच्या त्या एका तासाचं मुख्य उत्तर इथं आहे. विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं. ताशी ९०० हा त्याचा हवेतला वेग. हवाच पुढे सरकत असेल तर तो वेग जमिनीच्या हिशेबात वाढतो, हवा समोरून येत असेल तर घटतो. स्पर्धा परीक्षेत बोट आणि प्रवाहाची गणितं असतात, हुबेहूब तीच.

भारताच्या उत्तरेपासून युरोपपर्यंतच्या पट्ट्यात, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांच्या सगळ्यात वेगवान अरुंद पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो आपल्या उत्तर भारतावर येतो आणि ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग त्याला नवा नसतो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपलं काम जगभर पोचावं म्हणून त्यानं ते एस्परांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम रचलेल्या, पण थोड्यांनाच येणाऱ्या भाषेत छापलं, आणि म्हणूनच ते फारसं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना जपानवर हाच वारा आडवा आला तेव्हा त्याची खरी ओळख झाली.

आत्याच्या प्रवासावर हे मांडून बघू. समजा वळसे धरून वाट ७,६०० किलोमीटरची झाली आणि वाऱ्याचा सरासरी जोर ताशी ७०. लंडनला जाताना वारा समोरून: ९०० वजा ७०, ८३०. वेळ नऊ तास नऊ मिनिटं. चढण्या-उतरण्याचे आणि जमिनीवरचे मिळून पन्नास मिनिटं धरली की दहा तास. येताना वारा पाठीशी: ९७०. सात तास पन्नास मिनिटं, अधिक पन्नास, आठ तास चाळीस. उरलेली वीस मिनिटं मघाची राखीव वेळ. तिच्या डायरीतले दहा आणि नऊ असे जुळतात.

यात एक गोष्ट मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला. जाताना वारा जेवढं नुकसान करतो तेवढं येताना भरून देत नाही. ३,६०० किलोमीटरचं अंतर घ्या. वारा नसेल तर जायला चार तास, यायला चार, एकूण आठ. आता ताशी १०० चा वारा धरा. समोरून असताना ३,६०० भागिले ८००, साडेचार तास. पाठीशी असताना ३,६०० भागिले १,०००, तीन तास छत्तीस मिनिटं. बेरीज आठ तास सहा मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, पाठच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो, म्हणून सहा मिनिटं कायमची जातात. आत्यानं हे डायरीत स्वतः करून पाहिलं आणि मगच मानलं.

पाठचा वारा किती देऊ शकतो याचं गाजलेलं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. सियारा नावाच्या वादळानं अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम पेटला होता, आणि ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,२९० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्यानं ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाही बरोबरच धावत होती.

आपल्या पावसाळ्यातली गंमत तर वेगळीच. जून ते सप्टेंबर खाली नैऋत्येकडून मोसमी वारे येत असतात, छत्र्या उलट्या करत. पण त्याच वेळी दक्षिण भारताच्या वर, विमानांच्या उंचीवर आणि त्याहून वर, वारा बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. या पूर्वेच्या जेट प्रवाहाचा शोध पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात लावला. त्यामुळे हिवाळ्यात कोलकात्याहून मुंबईला येताना जी मिनिटं जास्त जातात, ती पावसाळ्यात तशी जातीलच असं नाही. एकाच वाटेचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे पाच-दहा मिनिटांनी सरकतं त्याचं हेही एक कारण.

इथं एक समजूत दूर करायला हवी, कारण ती शिकलेल्या माणसांतही आढळते. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना गाव आपणहून जवळ येतं आणि लवकर पोचायला हवं." तसं असतं तर आत्या लंडनला लवकर पोचली असती, झालं उलटं. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. चालत्या लोकलच्या डब्यात उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसंच. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानावर जो मोठा परिणाम होतो तो वाऱ्यामार्फत: विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा ध्रुवांकडे निघते, फिरत्या पृथ्वीमुळे वळते आणि त्यातूनच हे पश्चिमेचे वारे तयार होतात.

याच वाटेवर ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं "मलाबार प्रिन्सेस" हे चार पंख्यांचं विमान मुंबईहून लंडनला निघालं होतं. कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम घेत ते १० जूनला पोचलं. दोरा तेव्हाही सतराच सेंटिमीटरचा होता.

विमानतळ ते विमानतळ, की घर ते घर

इंटरनेटवरचं अंतर विमानतळाच्या एका ठरलेल्या बिंदूपासून दुसऱ्याच्या तशाच बिंदूपर्यंतचं असतं. आपल्याला जायचं असतं घरी. हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो गोव्यात. तिथं आता दोन विमानतळ आहेत: जुना दाबोळी, आणि पेडण्यातल्या मोपा इथला मनोहर विमानतळ, जो जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. मुंबईहून मोपा सुमारे ३८५ किलोमीटर, दाबोळी ४२५. हवेत फरक तीन-चार मिनिटांचा. जमिनीवर मात्र एकीकडून दुसरीकडे जायला तास-दीड तास मोडतो. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणला जायचं असेल तर मोपा. मडगाव, वास्को, काणकोणला दाबोळी. तिकिटावर गोवा एवढंच पाहून चालत नाही. जीओआय लिहिलं असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा, एवढं एक अक्षर तपासावं. गणपतीला मालवणला निघालेलं एक कुटुंब मी दाबोळीच्या बाहेर सामान घेऊन टॅक्सीवाल्याशी बोलताना पाहिलं आहे. सोबत दोन लहान मुलं, बाहेर धो धो पाऊस, आणि पुढे अख्खा गोवा ओलांडायचा.

मुंबईतही हाच विचार आता करावा लागतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. विमानाच्या दृष्टीनं सांताक्रूझ काय आणि उलवे काय, दोन-तीन मिनिटांचा सवाल. पनवेल किंवा पुण्याहून येणाऱ्याच्या दृष्टीनं तो तासा-दीड तासाचा आहे, बोरिवलीकराच्या दृष्टीनंही तेवढाच, पण उलट्या दिशेनं.

म्हणून घरून निघायची वेळ मी शेवटून मोजतो. देशांतर्गत प्रवासात सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि दार पंचवीस मिनिटं आधी. त्याच्या मागे सुरक्षा तपासणी, त्याच्या मागे रस्ता. मुंबई-गोव्याच्या पाऊण तासाच्या उड्डाणासाठी ठाण्याच्या माणसाला घरातून चार तास आधी निघावं लागतं.

आत्या एवढ्यावर उठली नाही. तिचं पुढचं तिकीट जूनचं होतं, आणि ते तिनं डायरीतच घडी करून ठेवलं होतं. ते उघडून ती स्वतःच हिशेब करायला बसली. मुंबईहून दुपारी २.००, लंडनला संध्याकाळी ७.३०. दोनचे साडेआठ केले, साडेआठ ते साडेसात मोजले आणि माझ्याकडे बघितलं. "अकरा तास? उन्हाळ्यात वारा वाढतो का रे?"

मी तिला आठवण करून दिली: मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. त्या काळात फरक साडेचारचा. तिनं साडेआठ खोडून साडेनऊ लिहिलं, पुन्हा मोजलं, दहा आले. मग डायरीच्या पहिल्या पानावर, कुलदैवताच्या नावाखाली, तिनं शाईच्या पेनानं दोन ओळी लिहिल्या: हिवाळा ५.३०. उन्हाळा ४.३०.